पाठीची दुसरी फळी

५ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणजे तू मजेत असणार, असं मी धरून चालतो. दुकानाला नवी काच बसवली, त्यामुळे पाटी आता थेट चौकातून दिसते. तुझी भावजय म्हणते, पाटी मोठी नि कारागीर छोटा. घरात आपला मान हा एवढाच!

मुद्द्यावर येतो. एका फार मोठ्या वादकानं माझ्याकडे गिटार सांगितली आहे. मार्चच्या सुरुवातीला भरल्या सभागृहात तो ती वाजवणार. त्याला पाठ हवी बाबांच्या काळ्या लाकडाची. दलदलीच्या तळाशी चार हजार वर्षं मुरलेला तो ओंडका, आणि त्यातून धड निघालेल्या दोनच फळ्या, पुस्तकाच्या समोरासमोरच्या पानांसारख्या. बाबांनी जाताना एक तुला दिली, एक मला. दोघं मिळून गिटार करतील, ही त्यांची भाबडी आशा. पण ताई, बोटं गेल्यापासून तुझ्या हातून बारीक काम होत नाही. फळीकडे नुसतं बघत बसून काय होणार? त्या दिवशी तुझी घाई झाली, त्याला आता कोण काय करणार! फळी पाठवून दे. तुझ्या धाकट्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी

१४ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अकरा वर्षांत तुझं पहिलं लांबलचक पत्र, आणि सुरुवात पाटीपासून. भावजयीला सांग, आमचं दोघींचं जमेल.

मी बरी आहे. शाळेत मुलांना गिटार शिकवते. डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांत सूर धरता येत नाहीत, म्हणून मी तोंडानं सांगते, बोटं त्यांची चालतात. एका चिमुरडीनं परवा विचारलं की बाई, तुम्ही कधीच का वाजवत नाही. तिला गणवेशाचं बटण लावायला सांगितलं आणि विषय बदलला.

फळी माळ्यावर आहे, कोरडी खडखडीत. देईन, आणि फुकट देईन. बदल्यात एकच मागते. यंत्राच्या करवतीपाशी बाबांचा नियम होता: लाकडावर ज्याचा हात, त्यानं 'हूं' म्हणायचं, मगच दुसऱ्यानं बटण दाबायचं. त्या दिवशी लाकडावर हात माझा होता आणि मी 'हूं' म्हटलं नव्हतं. तू मात्र बाबांना, डॉक्टरांना, झाडून सगळ्या नातेवाइकांना सांगितलंस की ताईचीच घाई झाली. बाबांनी ते खरं मानलं. मरेपर्यंत ते मला वेंधळी म्हणत.

तर एक ओळ लिही: ताईनं हूं म्हणायच्या आत मी बटण दाबलं. कुणाला दाखवणार नाही, माझ्या पेटीत राहील. माया आहे म्हणूनच मागते.

तुझी,
ताई

२२ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कशाला जुनी मढी उकरतेस? यंत्राच्या खडखडाटात कोण काय म्हणालं, हे कुणाला आठवतंय! बाबा गेले, गोष्ट संपली. हवं तर गिटारीच्या आतल्या चिठ्ठीवर तुझं नाव घालतो, बारीक अक्षरात. तेवढी फळी लवकर धाड, दिवस थोडे आहेत. आशीर्वाद असू दे.

तुझा,
भिंगरी

१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. मनाची तयारी होत नव्हती, आता झाली. फळी पाठवली आहे, मेणकागदात गच्च गुंडाळून. कडेला बाबांची पेन्सिलीची खूण आहे, ती घासू नकोस. सांधा जमवताना दोन्ही फळ्या उजेडासमोर धर. केसाएवढीही फट दिसता कामा नये.

लहानपणी तू वार्निश वाळलं का, हे बोट लावून बघायचास. तुझ्या बोटाचा ठसा मिरवत बाबांच्या किती गिटारी विकल्या गेल्या, आठवतं? परवा एकटीच हसले. भावजयीला माझी आठवण सांग.

तुझी,
ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

फळी आज सकाळी मिळाली आणि दुपारी जोडलीसुद्धा! माझ्या फळीपेक्षा चांगली जड लागली. म्हणजे म्हाताऱ्यानं सरस माल तुलाच दिला होता, लबाड! तुझं मन मोठं आहे ताई, मी सगळ्यांना सांगतो.

भिंगरी

४ मार्च

ताई,

नमस्कार राहू दे. काल कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला, दिव्यांच्या उष्णतेत, पाठ फाटली. तुझ्या फळीत वरपासून खालपर्यंत भेग. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. वादकानं गिटार खुर्चीवर ठेवली, माझं नाव घेऊन ती कुणी केली ते सांगितलं, आणि अख्खं सभागृह हसलं. आज सकाळपासून तिघांनी कामं परत नेली. तू ती फळी कुठे ठेवली होतीस? खरं सांग.

१२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

खरं विचारलंस, खरं सांगते. तुझं 'जुनी मढी'वालं पत्र आलं त्याच दिवशी फळी माळ्यावरून उतरवली आणि न्हाणीघरात, गरम पाण्याच्या नळावर ठेवली. पाच आठवडे ती वाफ प्यायली. रोज अंघोळ करताना मी तिच्याकडे बघून रडले. चार हजार वर्षं चिखलात टिकलेलं लाकूड मी माझ्या हातानं मारलं. मला त्याचं दुःख आहे, तुझं नाही.

दोन घरच्या फळ्या आधी दोन महिने एका खोलीत ठेवायच्या, दोघींची ओल सारखी होऊ द्यायची, मगच सरस लावायचा, हे बाबांनी आपल्याला एकाच दिवशी शिकवलं होतं. तू थांबला असतास तर कार्यक्रम हुकला असता, पण फळी आणि तू, दोघंही वाचला असतात. जड लागली तेव्हासुद्धा तुला शंका आली नाही.

मामा भेटले होते, काय झालं म्हणून विचारत होते. मी सांगितलं, त्याचीच घाई झाली. त्यांनी लगेच खरं मानलं.

माझं फेब्रुवारीचं पत्र पुन्हा काढून वाच. खूण, उजेड, फट, सगळं लिहिलं आहे. 'आता जोड' असं कुठेही लिहिलेलं नाही. मी 'हूं' म्हटलं नव्हतं, भिंगरी.

लोभ आहे तेवढा आहे. तो वाढवायची घाई करू नकोस.

तुझी,
ताई