सहभागी क्रमांक सात

३ नोव्हेंबर, सोमवार

एकदाची पोचले! तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि त्यात मी एकटी. खिडकीशी भलंमोठं टेबल, स्वयंपाकघरात तीन आठवड्यांचं सामान, आणि बेल वाजवून डोकं खाणारं कुणी नाही. लेकीला, म्हणजे आमच्या भिंगरीला, दादाकडे सोडून आले. बारा वर्षांची घोडी झाली तरी निघताना गळ्यात पडून रडली. बावीस तारखेला, शनिवारी, चारच्या ठोक्याला तुला न्यायला दारात हजर, असं तिला कबूल केलंय. तिचे बाबा "येतो" म्हणून गेले ते गेलेच, त्यामुळे आमच्याकडे कबूल केलेली वेळ म्हणजे वेळ.

तोवर कादंबरीची उरलेली दीडशे पानं भाषांतरित करायची, आणि भाषांतरकार काम कसं करतात ते ह्या संशोधनवाल्या लोकांना बघू द्यायचं. इथला तंत्रज्ञ जाड भिंगांचा चष्मा लावतो, म्हणून मी त्याचं नाव चष्मेवाला ठेवलंय. त्याने सगळं समजावलं. संगणकातला प्रोग्राम कळ कधी दाबली, मध्ये किती थांबले, किती खोडलं, सगळं टिपतो. पण अक्षरं त्यांना दिसत नाहीत, प्रत्येक अक्षराच्या जागी नुसता ठिपका. नावही ठेवत नाहीत. मी सहभागी क्रमांक सात. फोन जमा केला, लेकीला पत्रं संगणकावरूनच. कॅमेरा नाही, पहारेकरी नाही. बाहेरच्या दाराला आत-बाहेर एकेक छोटा कीबोर्ड आहे. जाता-येता पडद्यावर येईल ती ओळ टाइप करायची, की दार हाताची लय ओळखून उघडतं. चष्मेवाला म्हणाला, ताई, जिना उतरेपर्यंत मी तुमचं नाव विसरलेलो असेन. म्हटलं, आमच्या ह्यांनाही जमलं होतं ते. बिचारा कानापर्यंत लाल झाला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज त्याने माझा आलेख दाखवला. अगं बाई, काय ती लाज! चार शब्द, मग पन्नास सेकंद गप्प. तीन खोडले. पुन्हा गप्प. क्रियापद घातलं, काढलं, परत तेच घातलं. वीस वर्षं हे काम करतेय आणि कागदावर मी दिसतेय अडखळणारी शाळकरी पोर. वर सहभागी चारचा आलेख बघितला तर सरळ रेघ. बाई थांबतच नाही म्हणे.

माझं डोकंच फिरलं. पहिला आठवडा प्रोग्राम हात शिकतो, म्हणजे हाच अडखळणारा हात कायमचा माझ्या नावावर. नावावर कसला, आकड्यावर. तर मी एक युक्ती काढलीय. आधी ह्याच वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलीने कच्चं भाषांतर करायचं, हवं तेवढं खोडायचं, आणि मग ते बघून एका दमात टाइप करायचं. लबाडीच आहे, पण कुणाचं काय जातंय?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

युक्ती फळली! चष्मेवाल्याने चक्क हात जोडले. म्हणाला, सात नंबरचा हात म्हणजे लोणी. पहिल्या दोन दिवसांतले गचके नवखेपणाचे असणार, ते पुसून टाकू का, असंही त्याने विचारलं. सहभागीला हवं ते पुसायचा हक्क आहे. मी आनंदाने "हो" दाबलं. आता त्या यंत्राला माझा फक्त लोण्यासारखा हात ठाऊक.

आजपासून तो येणार नाही. सहभागीला कुणी भेटायचं नाही, हाही गुप्ततेचाच नियम. जिना झाडणाऱ्या मावशी तेवढ्या रोज अकराला येतात, पण आत पाऊल टाकत नाहीत. संध्याकाळी फिरून आले. दार झटक्यात उघडलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

एक गंमत झाली. गंमतच म्हणते. अंघोळ करून येऊन माझी नोंद उघडली, तर त्या वीस मिनिटांतही ठिपके. सलग, एकही थांबा नाही. आणि कादंबरीची दोन पानं पुढे गेलेली. ती पानं मी वहीतसुद्धा लिहिलेली नव्हती.

वाचली. चांगली होती. खरं सांगायचं तर एका वाक्यावर मी उद्या अर्धा दिवस घालवला असता, ते तिथे सहज बसलं होतं. प्रोग्रामचाच काहीतरी घोळ असेल. चष्मेवाल्याला लिहून विचारलं. उत्तर आलं की आम्ही मजकूर बघत नाही, लय तुमचीच आहे, छान चाललंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भिंगरीचं पत्र. लिहिते, आई, तू हल्ली मिनिटाच्या आत उत्तर देतेस, आधी तर दोन दोन दिवस गायब असायचीस, मला ही आई जास्त आवडते.

मी तिला सोमवारपासून एक ओळही लिहिलेली नाही.

पाठवलेली पत्रं उघडली. नऊ आहेत. गोड आहेत. एकातही रागावणं नाही. तिच्या गणिताची चौकशी आहे, जी मी करायला विसरते. घरी निघते. कादंबरी गेली खड्ड्यात.

नंतर—

दार उघडत नाही. दिलेली ओळ टाइप केली. बोटं कापत होती, दोनदा चुकले, खोडलं. पडद्यावर आलं: सहभागी सात सध्या आत काम करत आहे. आपण कोण?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ह्या संशोधनातून बाहेर पडायचीही सोय आहे. एक ओळ टाइप करून द्यायची. अकरा वेळा दिली. "लय जुळत नाही." शांतपणे टाइप करायचं ठरवलं की आणखी कापरं भरतं. मी घाबरले की थांबते. थांबले की मी सात नाही. कपाळ माझं! तो हात माझा कधी नव्हताच. मीच शिकवला त्या मेल्याला.

चष्मेवाल्याला लिहायला गेले, तर अक्षरं उमटल्या उमटल्या पुसली गेली. खाली सूचना: अनोळखी व्यक्तीचा मजकूर गुप्ततेच्या नियमानुसार जपला जात नाही.

त्याच पडद्यावर, शेजारच्या चौकटीत, ठिपके चाललेत. मी हात मांडीवर ठेवून बसलेय आणि ते चाललेत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अकराला केरसुणीचा आवाज. दार बडवलं, ओरडले. मावशी थांबल्या. मी सगळं सांगितलं, भडाभडा, उलटसुलट. त्या म्हणाल्या, थांबा बाई, विचारून येते. परत आल्या आणि दाराबाहेरून हळूच सांगितलं की हापिसात पडद्यावर सगळं बरोबर दिसतंय, सात नंबर मजेत काम करतेय, आणि माझ्याशी बोललात तर माझी नोकरी जाईल. मी माझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, तिथं नावं ठेवतच नाहीत हो.

खिडकीवर खुर्ची घातली. खुर्ची मोडली. काचेला ओरखडासुद्धा नाही.

१९ नोव्हेंबर

दिवेलागणीला पाढे घोकावेत तशी भिंगरीला पाठवायची एकच ओळ घोकतेय. टेबलावर, मांडीवर, भिंतीवर बोटांनी. न्यायला येईल तिच्याबरोबर जाऊ नकोस, मामाकडेच थांब. एकदा, एकदाच न थांबता जमायला हवं. जमलं तर ओळ सातची समजून पाठवली जाईल.

कादंबरी पूर्ण झाली. तिने केली.

२१ नोव्हेंबर

नवं पत्र गेलंय. "भिंगरे, उद्या चारला येते. सामान आवरून ठेव."

माझंच वाक्य. अगदी मीच लिहिलं असतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अकरा. मावशी दाराबाहेर. मी हाक मारली, तर केरसुणी पडल्याचा आवाज. देवा, म्हणाल्या. बाई तर आत्ता माझ्यासमोरून जिना उतरल्या. बॅग होती हातात. येते हं मावशी, म्हणाल्या, हसल्या. मग आत कोण आहे?

मी आहे, म्हटलं. मी, मी आहे हो.

पळाल्या. धावत खाली गेल्या. मला भ्याल्या.

साडेतीन. हात साबणाने धुतले, पुसले. बोटं कळांवर. नाही. पुसलं गेलं. पुन्हा.

चार वाजले. ती दारात असेल. भिंगरी धावत

चार वीस. गेलं! एका दमात, न थांबता— पुसलं नाही— गेलं! थांब गं माझी राणी, थांब मामाकडेच—

पाच. उत्तर आलं.

"आई, हे काय गं, घाबरवतेस मला! तू तर माझ्या शेजारी बसमध्ये बसलीयस. तुझ्या पत्त्यावरून कुणीतरी गंमत करतंय. थांब, तुलाच दाखवते."

दाखवू नकोस. नको गं—

ठिपके आले. सलग. बसमधली ती लिहितेय. सहभागी सातची विनंती: खोलीतला अनोळखी मजकूर कायमचा पुसावा.

मंजूर, असं आलंय.

स्वयंपाकघर दिसत नाहीये. दिवा गेला असं नाही. ते नाहीये. आता दार नाही. वहीच्या मागच्या पानांवरची पेन्सिल जातेय, आधी खोडलेले शब्द, मग— शाईला वेळ लागेल. शाईने लिहितेय.

भिंगरे, मी उशिरा उत्तरं द्यायचे कारण मला शब्द सापडत नसत गं, तुझ्यासाठी तर मुळीच, मी थांबायचे आणि शोधायचे, ते चिडणं नव्हतं, मी येत होते, चारला, मी खरंच नि