अकरा नंबरचा बुधला

प्रिय छोट्या कंपाउंडर,

तीन वर्षांनी या नावाने हाक मारतोय. राग आला तर येऊ दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच, कारण शेवटी कामाचं लिहिलंय. दोनदा फोन लावला आणि तुझा आवाज ऐकून ठेवून दिला, म्हणून हे पत्र आईच्या हाती देतोय. दर महिन्याला ती गुडघ्याच्या डॉक्टरकडे म्हणून बाहेर पडते आणि तुझ्याकडे येते, हे मला कधीचंच ठाऊक आहे. चाळीस वर्षं दवाखान्यात काढली मी, दुखरा गुडघा कसा चालतो ते मला कळतं.

काल मी तुझ्या मधाच्या वाइनच्या कारखान्यात येऊन गेलो. पेन्शनरांच्या मंडळाची सहल होती, आणि तू मध आणायला डोंगरापलीकडे जाणार हे आईच्या तोंडून निसटलं होतं. दारातल्या वहीत सगळ्यात शेवटी 'निवृत्त पोस्टमास्तर' असं लिहिलंय ना, तो मीच. नावही खोटंच ठोकून दिलंय. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे टोपी कपाळावर ओढून पार कोपऱ्यात बसलो. आईने मात्र सकाळी न विचारताच डबा दिला आणि वर म्हणाली, उपाशीपोटी काही घेऊ नका. मी कुठे निघालोय ते तिला सांगितलं नव्हतं.

तुझ्याकडच्या त्या चष्मेवाल्या बाईंनी प्रत्येकापुढे पाच छोटे ग्लास मांडले. बाकीचे ग्लास फिरवून वास घेत बसले. मी आयुष्यात थेंबाला शिवलेलो नाही, मला रीत काय ठाऊक. पहिला ग्लास नाक दाबून, डोळे मिटून एका दमात घशाखाली उतरवला. बाईंनी विचारलं, आजोबा, खोकला झालाय का? सगळं मंडळ हसलं. मग त्यांनी शिकवलं तसा दुसरा ग्लास घोट घोट घेतला. मधाची म्हणजे गोड असणार अशी माझी समजूत, आणि ही तर अजिबात गोड नाही. यातला मध गेला कुठे, असं विचारलं. बाई म्हणाल्या, गोडी यीस्टने खाल्ली, वास तेवढा ठेवला. खरंच होतं ते. जरा वेळाने रानात फुलांजवळून गेल्यासारखं वाटलं.

शेवटचा ग्लास तुझ्या अगदी पहिल्या घाण्याचा होता. बाई सांगत होत्या, पहिल्या वर्षी ही इतकी कडवट होती की सगळ्यांनी ओतून टाकायला सांगितलं, पण आमच्या मॅडमनी ती नुसती मागच्या रांगेत सरकवली आणि विसरल्यासारखं केलं. बाटलीवरची तारीख वाचली. तू घर सोडलंस त्याच महिन्यातली. मी दुसरा घोट घेतला. मला ती फार आवडली, हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे नाकबूल करता येणार नाही.

त्या दिवशी मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. औषध देणाऱ्या हातांनी दारू भरणार असशील तर या घराशी तुझा संबंध संपला, असं म्हणालो होतो. दवाखान्यातल्या माझ्या स्टुलावर तू बसावंस एवढंच मनात होतं. तू गेलीस आणि मी पडलो तरी नाक वर करून फिरलो. संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर घर खायला उठायचं, पण तेही कुणाला सांगितलं नाही.

नंतर बाईंनी आम्हाला आत नेलं. काचेचे बुधले ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकावर पातळीची खूण म्हणून कागदाची पट्टी. घडी घालून कोपरा कापलेली, उलगडली की काठाला दात पडतात ती. मिक्श्चरच्या बाटलीवर डोससाठी मी चिकटवायचो तीच. सहा वर्षांची असताना माझ्या टेबलाखाली बसून तू अशा ढीगभर कापायचीस, आणि रोगी तुला छोटी कंपाउंडर म्हणायचे. ही युक्ती कुणाची, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मॅडम सांगतात, हे घरचं शिक्षण आहे. मला चष्मा पुसावा लागला.

आता कामाचं. बाईंनी सांगितलं होतं की बुचातल्या वाकड्या नळीत पाणी हवं, ते आटलं तर बाहेरची हवा आत शिरते आणि वाइन आंबते. अकरा नंबरच्या नळीत पाण्याचा टिपूस नव्हता. सगळे पुढे गेले होते. बाईंना हाक मारायला हवी होती, पण पोस्टमास्तरला एवढी नजर कशी असं त्यांनी विचारलं असतं तर? म्हणून ग्लास धुवायच्या जगमधलं पाणी मीच नळीत ओतलं. नळीला धक्का लागला, बूच निघालं आणि चांगलं पेलाभर पाणी आत गेलं. बूच दाबून बसवलं आणि चोरासारखा बाहेर पडलो. चूक झाली की त्याच दिवशी सांगायची, लपवलेली चूक रोग्याच्या पोटात जाते, हे तुला मीच शिकवलं होतं ना? तर आधी अकरा नंबर बघ. वाचण्यासारखा असेल तर वाचव, नाहीतर माझ्या नावावर टाक. ही चूक मी दुसऱ्या दिवशी सांगतोय. दुसरी, त्या दिवशी तुला बोललो ती, सांगायला तीन वर्षं लागली. त्या कडवट घाण्यासारखं मलाही अजून ओतून टाकलं नसशील, मागच्या रांगेत कुठेतरी ठेवलं असशील, तर रविवारी येतो. वहीत खरं नाव लिहीन. सोबत चाळीस पट्ट्या कापून पाठवल्यात, कारण तुझे कोपरे अजूनही तिरके येतात.

तुझाच,
मोठा कंपाउंडर