धाकट्या महालक्ष्मीचा चेहरा

मु. पो. डोणगाव

तीर्थस्वरूप संजीवनी जाऊबाईंच्या पायाशी धाकट्या जावेचा, म्हणजे सोजराबाईचा, नमस्कार. गुडघा वाकतो तेवढी वाकले आहे, उरलेलं समजून घ्या. भाऊसाहेबांची साखर कशी आहे? संक्रांतीला पाठवलेले तिळाचे लाडू त्यांच्या हाती लागू दिले नसतील, अशी आशा करते. इकडे सगळे खुशाल. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तर तुमचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, आणि मी एक वाक्य बोलले की तुम्ही चार बोलता. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

आमच्या भिशीच्या बायकांनी यंदा हळदीकुंकवाला मुखवटे घालून यायचं ठरवलं. कल्पना महेजबीनची (स्टँडजवळ जिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे ती). मुखवटा घरीच केलेला पाहिजे, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि जी सगळ्यांत शेवटी ओळखू येईल तिला हॉटपॉट. मला हॉटपॉट नको होता (दोन आहेत, त्यातला एक तुम्हीच दिलेला, झाकण न बसणारा). पण शेजारची रुखमाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "सोजरे, तू कायले भाग घेतं? तुह्या तोंडाले कुलूप कुठं हाय? पयल्याच मिनिटाले ओयखू येशीन." झालं. मी तिथेच पदर खोचला.

माझा स्वभाव तुम्ही जाणता. हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. आमच्या सुनेचंच पाहा ना. छायाला तुमच्या बुलढाण्याला नर्सिंग शिकायला यायचं आहे. दिवाळीपासून मागे लागली होती, गोपालही बायकोच्याच बाजूने. मी नाही म्हटलं. लग्नाला वर्ष झालं नाही आणि सून होस्टेलात? पुन्हा विषय काढायचा नाही, अशी ताकीदच दिली. तिनेही मग काढला नाही. स्वयंपाक वेळेवर, भांडी लख्ख, आणि बोलणं बंद. अशा घरात दिवसभर मुखवटा करत बसणं किती जड गेलं ते माझं मलाच माहीत.

मोबाईलवर दाखवतात तसा आधी फुगा फुगवून त्याच्यावर कागद चिकटवले. गच्चीवर वाळत ठेवला तर फुगा उन्हाने फुटला आणि कागद चुरगळून गेला. हरले नाही. मग आमची आई कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायची ते आठवलं. जुने पेपर आणि लग्नपत्रिका भिजवल्या (पत्रिकांवरचे गणपती आधी कापून देवघरात ठेवले, तेवढी अक्कल शाबूत आहे), चिकटपणाला मेथी वाटून घातली, आणि सगळं उखळात कुटलं. आई हा लगदा पालथ्या घागरीवर थापायची. मीही थापला. पण घागरीला नाक नसतं, जाऊबाई! मुखवटा म्हणून जे निघालं ते घमेलं होतं.

आता पुढचं बसून वाचा. माळ्यावरच्या पेटीत आपल्या महालक्ष्म्यांचे मुखवटे आहेत. तयार नाक, तयार हनुवटी. थोरलीला हात लावायची माझी छाती झाली नाही (ती तुमच्यासारखी पाहते). धाकटीला उचललं, हात जोडले, आपलं दोघींचं धाकटेपण सारखंच आहे, सांभाळून घे म्हटलं, तोंडाला तेल चोपडलं आणि लगदा थापला. वाळल्यावर निघेना. सुरी घातली, वाफ दिली, शेवटी छातीशी धरून ओढला. मुखवटा अखंड निघाला, नाक तर असं की पाहत राहावं. पण शाडूवरचा रंगही सोबत आला. देवीचे काजळाचे डोळे आणि लाल ओठ माझ्या मुखवट्याच्या आतल्या बाजूला उमटले, आणि धाकटी बिचारी कोऱ्या तोंडाने माझ्याकडे बघत राहिली. बघत तरी कशाने राहणार म्हणा.

माघार घेतली नाही. डोळ्यांना भोकं पाडली, वरून पिवळा रंग दिला, महेजबीनकडून जरीचा गोटा आणून मुकुट केला, नथ अडकवली आणि परकराच्या नाडीने बांधला. साडी मात्र अडचणीची, कारण इथे बाई आधी साडीवरून ओळखतात. म्हणून तुम्ही दिलेली ती शेवाळी साडी नेसले, जी अंगाला लावलेली कोणी पाहिली नव्हती (जपून ठेवली होती हो, गैरसमज नको). छायाला सांगितलं, मी गुडघ्यामुळे येत नाही, तू जा.

तिथे पोचले आणि सगळ्या माझ्याकडे वळल्या. देवीचं तोंड ओळखीचं निघालं ना! मांजरीचा मुखवटा घातलेल्या एकीने थट्टेत कुंकू लावलं, मग दुसरीने, आणि बघता बघता रांग लागली. थट्टा कुठे संपली कळलं नाही. बोलायचं नाही हे विसरून जी ती कानाशी येऊन काहीबाही मागू लागली. रुखमाबाईने नवऱ्याचा तंबाखूचा खर्रा सुटू दे म्हणून मागितलं, आणि तिचा आवाज असा होता की मला तिचा रागच येईना. एकेकीने मुखवटे काढले, मी तशीच उभी. घामाने मेथी कडू होऊन तोंडात उतरत होती. हॉटपॉट माझाच होता.

शेवटी छाया आली. पायाला हात लावून हळूच म्हणाली (यातली आई म्हणजे मी), "बाई, मले शिकाले जाऊ दे. आमच्या आईचा सोभाव कडक हाय, पण मनानं वंगाळ नाही. तिच्या तोंडून एकडाव हो निघू दे."

जाऊबाई, मी दातांवर दात धरले. पण ती उठेचना. मग माझ्या तोंडून निघालं, "हाव, जाय." रुखमाबाई तिकडून ओरडली, "सोजरा! हे सोजरा हाय!" बोलले म्हणून मी बाद, आणि माझ्या खालोखाल तीच टिकली होती, म्हणून हॉटपॉट तिला मिळाला.

तर एवढं हसण्यासाठी लिहिलं. भाऊसाहेबांना नमस्कार, नातवंडांना गोड पापे.

आपली धाकटी,
सोजरा

ता. क. देवीच्या तोंडून शब्द गेला, आता फिरवता येत नाही. जूनपासून तुमची मागची खोली छायाला द्याल का? होस्टेलात मी तिला ठेवणार नाही, या बाबतीत नाही म्हणजे नाहीच. आणि मी विनवलं असं तिला सांगू नका.

पुन्हा ता. क. भादव्यात येताना काजळ आणि बारीक ब्रश आणा. तुमचा हात स्थिर आहे. रागवायचं ते धाकटीचे डोळे काढून झाल्यावर रागवा, तिलाही बघू द्या.

शेवटचं. काल भाकरी थापता थापता छाया म्हणाली, "आई, तुमच्या पायाचं वाकडं बोट मी रोज पायतो. देवीचं बोट कायले वाकडं राहीन?" म्हणजे तिने माझ्याजवळच मागितलं होतं. भाकरी करपली ती मी खाल्ली. जाऊबाई, खोलीत उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवत जा. तिला रात्री तहान लागते, आणि ती कोणाला उठवत नाही.