मध्ये पडणाऱ्याचे हात

मॉरिसव्हिल,
१८ मार्च २००७

प्रिय मालू,

तुला आणि रवींद्ररावांना आमच्या दोघांचे आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत, आणि मी तर इतकी चिडलेली आहे की मला काही व्हायला सवडच नाही. सत्यजितच्या ऑफिसातला अरुण बुधवारी पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे देते. तो तिथून तुला सांगलीला पोस्टानं पाठवेल.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, इथे फोन म्हणजे घराच्या मधोमध, वर तो स्पीकरवर. मी तुझ्याशी बोलते तेव्हा घरातली सगळी माझ्या तोंडाकडे बघत बसतात. सून कान देऊन, मुलगा कपाळाला आठ्या घालून. त्यात काय डोंबल बोलणार!

पाडव्याची तयारी चालू आहे. दीपानं गुढीसाठी पडद्याचा रॉड काढून ठेवलाय. कडुनिंब मिळाला नाही. सई सातवीत गेली पण मराठीला हात लावत नाही. आपण मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. पण आजोबांचं तिला सगळं कळतं हो. तेवढं एक बरं आहे.

आता तू दर रविवारी विचारतेस ते. दादा फोनवर का येत नाही? मी कधी सांगते झोपलेत, कधी सांगते अंघोळीला गेलेत. माणूस अंघोळीला जाऊन जाऊन किती जाणार? खरं सांगू, ते तुलाच टाळतात. तू पहिला प्रश्न काय विचारशील ते त्यांना पाठ आहे. "दादा, आवळासुपारी पुरतेय ना रे?" त्याचंच उत्तर त्यांना द्यायचं नाहीये.

पार्किंगमध्ये पाय घसरून पडले, गुडघ्याला लागलं, असं मी तुला सांगितलं होतं. गुडघ्यावर आले हे खरं आहे. घसरले मात्र नव्हते.

तुझ्या भावाचा स्वभाव मी तुला नव्यानं काय सांगू. उभा जन्म एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेला, गाड्या सोडल्या त्यापेक्षा भांडणं जास्त सोडवली. खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा असो, कंडक्टरची सुट्ट्या पैशांवरून हुज्जत असो, हे शिट्टी गळ्यात टाकून हजर. रिटायर झाल्यावर तरी गप्प बसावं? भाजीमंडईत, लग्नाच्या पंगतीत, देवळाच्या रांगेत, कुठे आवाज चढला की यांचे पाय वळलेच. ना घेणं ना देणं, लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या! आणि ती यांची पद्धत. जो जास्त तापलाय त्याचं मनगट एका हातानं धरायचं, दुसऱ्या हातानं खिशातली डबी काढायची, नि तुझी आवळासुपारी त्याच्या तळहातावर ठेवायची. "आधी हे तोंडात टाका साहेब, मग भांडा." म्हणे तोंडात आवळा असला की शिवी नीट उमटत नाही. आणि मेलं, उमटायची नाही खरंच! मी किती वेळा बघितलंय, लाल झालेला माणूस चघळायला लागतो आणि दोन मिनिटांत "जाऊ द्या हो" म्हणतो.

मी विमानात बसतानाच बजावलं होतं. म्हटलं, तिथे कुणाच्या मध्ये पडायचं नाही. हो हो म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी आम्ही सामान आणायला गेलो होतो. सत्यजित ऑफिसात, दीपा आत पैसे देत होती, मी आणि सई गाडीपाशी. हे सामान ढकलायची रिकामी कार्ट जागेवर लावायला गेले. तिथे दोघांची जुंपली होती. एका टकल्या माणसाची कार्ट घरंगळत जाऊन एका तरुण पोराच्या ट्रकच्या दाराला लागलेली. पोरगा दांडगा, आवाज त्याहून दांडगा. आजूबाजूला ही माणसं! पण मालू, एक जण पुढे येईल तर शपथ. जो तो आपल्या गाडीत बसून काचा वर करून बघतोय. आपल्याकडे एव्हाना दहा जण गोळा होऊन पाच जण आवरायला लागले असते.

मला दिसलं यांचं वळण. मी हाक मारली, "अहो, नको!" कशाला ऐकतात. गेले, त्या पोराचं मनगट धरलं आणि उजवा हात घातला जाकिटाच्या आतल्या खिशात.

आता तूच सांग, लांबून बघणाऱ्याला काय दिसलं असेल? जाकीट घातलेला एक सावळा माणूस एकाला पकडून खिशातून काहीतरी काढतोय.

मागच्या गाडीतून एक माणूस उतरला. पांढऱ्या मिशा, साधारण आमच्याच वयाचा. त्याच्या दोन्ही हातांत पिस्तूल होतं आणि ते तुझ्या दादाच्या छातीवर रोखलेलं होतं. तो ओरडत होता, खाली बसा, हात दाखवा, हात दाखवा. इथे तशी पिस्तुलं जवळ बाळगायचं लायसन मिळतं, हे मला नंतर कळलं. ह्यांना आधी कळेचना की हा आपल्याशी बोलतोय. त्यांनी वळून मागे बघितलं, मागे कोण उभं आहे म्हणून! मग हात बाहेर आला, हातात चकाकणारी स्टीलची डबी, आणि तो माणूस आणखीनच जोरात ओरडला. मालू, त्या क्षणाला माझं कुंकू पुसलं गेलं असं मी धरून चाललेच होते. सई "दॅट्स माय आजोबा, दॅट्स माय आजोबा" म्हणून किंचाळत सुटली, आणि मी तिला पोटाशी घट्ट धरून ठेवलं, कारण ती धावली असती.

वाचवलं कुणी, माहीत आहे? त्या दोन भांडणाऱ्यांनी. टकल्या आणि तो दांडगा पोरगा, दोघं एका सुरात ओरडले, अहो तो म्हातारा आहे, काही करत नाहीये! पोरगा तर हात पसरून यांच्यापुढे उभा राहिला. हे तोवर गुडघ्यांवर बसले होते. तुला माहीत आहे ना, संक्रांतीला तिळगूळ वाटताना यांना पाटावर बसवत नाही. ते डांबरावर गुडघे टेकून, दोन्ही हात वर करून बसले होते. डबी हातातून पडून उघडली आणि सगळी आवळासुपारी गाडीखाली पसरली.

पुढचं रवींद्ररावांना वाचून दाखवू नकोस. यांना उठवलं तेव्हा पॅन्ट ओली झाली होती. मी गाडीतली सईची शाल कमरेला गुंडाळली. ते तोवर आलेल्या पोलिसांसमोर, त्या दोघांसमोर, नातीसमोर तसेच उभे राहिले. पोलीस चांगले बोलले. त्या माणसाकडे लायसन होतं, त्याला वाटलं दरोडा पडतोय. कुणाची तक्रार आहे का, असं विचारलं. हे नुसते "घरी चला" म्हणत होते.

तेव्हापासून तुझा भाऊ खोलीत बसला. फिरायला जाणं बंद, इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला सोडायलासुद्धा आले नाहीत. सत्यजित-दीपाची खडाजंगी झाली तरी हे दार लावून घेणार. ज्या माणसाला शेजारच्यांच्या भांड्यांचा आवाज झाला तरी राहवायचं नाही, तो माणूस! मी म्हणायची ना, कधी एकदा यांची ही सवय जाते. गेली. आणि मला घर खायला उठलं.

आणि खडाजंगी कशावरून, तेही ऐक. आमच्या चिरंजीवांनी पिस्तूल आणलं! मागच्या वर्षी इथला नागरिक झाला, त्याचं पहिलं फळ हे. शेरिफच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, ऑफिसातून परवानगी काढली, कसला क्लासही लावलाय. वरच्या खोलीतल्या कपाटात कुलपाच्या पेटीत ठेवलंय. मी विचारलं, "कशाला रे हे?" तर म्हणतो, "आई, त्या दिवशी मी तिथे असतो आणि माझ्याकडे असतं, तर बाबांवर ही वेळ आली नसती."

मी म्हटलं, "काय केलं असतंस ते सांग."

"त्याच्यावर रोखलं असतं."

"मग त्यानं तुझ्यावर. आणि तुमच्या दोघांच्या मध्ये खाली कोण बसलं होतं रे, शहाण्या?"

तो उठून गेला. इतका शिकलेला मुलगा, याला एवढं साधं दिसू नये? दोघांचं भांडण होतं, त्याचं तिघांचं झालं, हा म्हणे चौथा होणार.

यांनी मार्चअखेरची तिकिटं काढायला लावली. म्हणून आम्ही लवकर येतोय, असं मी तुला कळवलं होतं. आता पुढचं ऐक.

गेल्या रविवारी दुपारी दारात तो माणूस उभा. तोच, पांढऱ्या मिशांचा. डग नाव त्याचं. त्या दिवशी दीपाशी नंबरांची देवाणघेवाण झाली होती. त्यानं आधी फोन करून विचारलं, आणि ही सून नवऱ्याला न सांगता "या" म्हणून मोकळी! हातात बायकोनं केलेला केक. माफी मागायला आला होता बिचारा, पण सत्यजितनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. सुरुवात बरी झाली. मग सत्यजित म्हणाला, तुम्ही माझ्या वडलांना मारलं असतंत. तो म्हणाला, मी मदत करायला उतरलो होतो, बाकी कुणी उतरलं का? झालं! ह्याचा आवाज वर, त्याचा आवाज वर. शेजारचा गवत कापणारा मशीन बंद करून बघायला लागला. शेवटी सत्यजित म्हणाला, "थांब इथेच. कसं वाटतं ते तुला दाखवतो." आणि जिन्याकडे वळला.

दीपा "सत्या!" म्हणून ओरडली. वर काय आहे ते आम्हा दोघींना माहीत होतं.

जिन्यालगतच आमची खोली. दार उघडलं आणि हे बाहेर आले. पायजमा, बनियन, दाढी वाढलेली. दुसऱ्या पायरीवर चढून कठड्याला धरून उभे राहिले. सत्यजित म्हणाला, "बाबा, बाजूला व्हा." हे हलले नाहीत. "बाबा, मी सांगतोय, बाजूला व्हा!" तर यांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. उजवा हात बनियनच्या खिशात. मालू, डबी! चेपलेली, पण तीच. सईनं त्या दिवशी आवळ्याच्या तुकड्यांसकट गाडीखालून वेचून आणली होती, आणि आजोबांनी ती इतके दिवस जवळ बाळगली होती, हे मला, त्यांच्या बायकोला, माहीत नाही!

म्हणाले, "आधी तोंड उघड."

अगं, बेचाळीस वर्षांचा घोडा माझा, त्यानं तोंड उघडलं. यांनी आवळ्याचा तुकडा त्याच्या जिभेवर ठेवला. तो चघळायला लागला आणि जिन्यावर बसून हमसून हमसून रडला. म्हणाला, "बाबा, तुम्ही गुडघ्यावर बसलात तेव्हा मी तिथे नव्हतो." हे म्हणाले, "बरं झालं नव्हतास."

मग हे दारात गेले. त्या डगच्या हातावरही एक तुकडा ठेवला. त्यानं तोंड इतकं वेडंवाकडं केलं की सई हसायला लागली. हे सत्यजितला म्हणाले, सांग याला इंग्रजीत. "त्या दिवशी मध्ये पडायला दोघंच उतरले, तुम्ही आणि मी. तुम्हालाही बघवलं नाही, मलाही नाही. त्याबद्दल माझा राग नाही. पण पुढच्या वेळी रिकाम्या हातानं उतरा."

डगनं तोंडातला तुकडा कसाबसा गिळला. मग खरं बोलला. म्हणाला, रिकाम्या हातानं मी उतरलोच नसतो. माझी हिंमत झाली नसती.

सत्यजितनं ते मराठीत सांगितलं. हे म्हणाले, "मग उतरू नये. हातात ते असलं की माणूस ऐकून घेत नाही."

ते त्याला पटलं की नाही, देव जाणे. केक ठेवून गेला. चांगला होता केक.

तर आता तुला कळलं. तिकिटं रद्द केली. पेटी अजून कपाटातच आहे. सत्यजित म्हणतो, परत करतो, दुकानदाराशी बोलतो, या आठवड्यात बघतो. रोजचं "बघतो" चालू आहे. आणि तुझा भाऊ म्हणतो, ती घराबाहेर गेल्याशिवाय मी हलणार नाही, घरात भांडण टाकून कंट्रोलर ड्यूटी सोडत नाही. सकाळपासून जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पेपर घेऊन बसतात. गुडघे कुरकुरतात, खुर्ची दिली तर नको म्हणतात. ज्याला वर जायचं असेल त्यानं "बाबा, जरा" म्हणायचं. मग हे वर बघून विचारतात, "काय आणायचंय?" मी वैतागले आहे गं! केर काढायचा म्हटला तरी यांना उठवता उठवत नाही.

अरुण एप्रिलच्या मध्याला परत येणार आहे. त्याच्या हाती आवळासुपारी पाठव. मोठा डबा भरून पाठव, इथे किती लागेल सांगता येत नाही. आणि रविवारी फोन केलास की बेधडक विचार, "दादा, पुरतेय ना रे?" आता ते फोनवर येतील. वायर जिन्यापर्यंत पोचते.

तुझी, कंट्रोलरच्या पायरीशी केरसुणी घेऊन उभी असलेली,
वहिनी