जुन्या टाकीचं पाणी

प्रिय भिंगरी,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर आपलं 'जेवलीस का' आणि 'तब्येत बरी ना' यापुढे गाडी सरकत नाही, मग मी फोन आईकडे देऊन मोकळा होतो. ती म्हणाली, तुम्ही लिहाच, कागद मध्येच उलट बोलत नाही. म्हणून हॅचरीच्या कचेरीत बसून लिहितोय. शेजारी पंप घरघरतोय. अक्षर हललं असेल तर दोष त्याचा.

आधी चांगली बातमी. या खेपेला शिंपल्यांची पिल्लं टिकली. एकोणीस दिवसांची झाली आणि काल तळाला चिकटायलाही लागली. त्यांना खायला लागणारं शैवाल बरण्यांमधून हिरवंगार वाढतंय. तुझी आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या खोलीत जाते आणि बरण्यांकडे बघत उभी राहते. चहा तिथे नेऊ नये या तुझ्या नियमाची मी तिला आठवण करून दिली, तर म्हणाली, नियम तिचा आहे, तुमचा नाही.

पण मधलं वर्ष असं नव्हतं. तू गेल्यावर शैवाल मरायचं थांबेल असं मला वाटलं होतं. तुझ्या जागी वीस वर्षं हेच काम केलेला एक जाणता माणूस मी ठेवला. त्याच्याही बरण्या चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळ्या पडायच्या, खाली गाळ बसायचा, आणि पिल्लं उपाशी मरायची. मी उन्हाला दोष दिला, समुद्राला दिला, शेवटी त्या माणसाला दिला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, हात धुऊन धुऊन कातडी गेली माझी. आता अजून काय धुऊ?"

मग उन्हाळ्यात पाणी वर चढवणारा पंप बंद पडला. आठ दिवस आम्ही समुद्राचं पाणी स्टीलच्या कॅनमधून आणलं आणि गाळून, उकळून थेट बरण्यांत भरलं. त्या आठ दिवसांत शैवाल असं फोफावलं की बरणीच्या पलीकडचं दिसेना. पंप दुरुस्त झाला, पाणी पुन्हा गच्चीवरच्या निळ्या टाकीतून यायला लागलं, आणि पाचव्या दिवशी सगळं फिक्कं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी गच्चीवर गेलो. चौदा वर्षं उन्हात उभी असलेली प्लॅस्टिकची टाकी. आत बोट फिरवलं तर खडूसारखी पांढरी भुकटी हाताला आली. आलेल्या-गेलेल्याला मी ही टाकी दाखवायचो, बघा, अजून एक थेंब गळत नाही म्हणून.

खाली येऊन तू मागे ठेवलेली नोंदींची वही काढली. ती उघडायला मला वर्ष लागलं. शेवटच्या पानावर तू लिहिलंयस: 'गच्चीवरच्या टाकीचं पाणी वेगळं तपासायचं. बाबांशी बोलायचं, मूड बघून.' त्यातलं 'मूड बघून' मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

तपासलं मग. काचेच्या चार बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या. दोन समुद्राच्या पाण्याच्या, दोन टाकीतल्या पाण्याच्या. कुठली कुठली हे फक्त आईला माहीत. ती म्हणाली, तुम्हाला सांगितलं तर तुम्हाला हवं तेच दिसेल. मी सहा दिवस तुझ्या मायक्रोस्कोपखाली शैवाल मोजलं. पहिल्या दिवशी तर स्वतःच्या पापणीचे केसच मोजले. सहाव्या दिवशी दोन बरण्यांत काचपट्टीवरच्या चौकोनागणिक पन्नासच्या वर पेशी होत्या, बाकीच्या दोन्हींत जेमतेम अकरा. आईनं झाकणाखालच्या चिठ्ठ्या उलटल्या. अकरावाल्या दोन्ही टाकीच्या. त्या दिवसापासून टाकीचं पाणी बंद.

विद्यापीठातल्या एक बाई येऊन पाणी घेऊन गेल्या. त्यांनी समजावलं की प्लॅस्टिक उन्हानं जुनं झालं की आतून फुटत जातं, आणि ते करताना त्यात मिसळलेली रसायनं पाण्यात झिरपतात. पाणी दिसायला नितळ, वासही नाही, आणि उकळूनही ती जात नाहीत. आपल्याला कळत नाही, पण हे शैवाल म्हणजे एकच पेशी, तिला उजेडातून अन्न बनवणंच जमेनासं होतं. सगळ्याच जातींना सारखं बाधत नाही, त्या म्हणाल्या, बरंचसं अजून शोधायचंय. मी किनाऱ्यावर पडलेल्या डबे-बाटल्यांचा विचार करत होतो. बाईंनी तुझी वही चाळली आणि विचारलं, कुणाचं अक्षर? मी म्हटलं, माझ्या मुलीचं. त्यांना वही हवी आहे. तुला विचारल्याशिवाय देणार नाही.

पण वहीसाठी फोन पुरला असता. परवा आईनं सांगितलं की तुझ्या प्रयोगशाळेत शैवाल वाढवायचं काम तुला देऊ केलं होतं आणि तू नको म्हणालीस, 'माझ्या हातून ते जगत नाही' म्हणून. ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. पोरी, ते वाक्य तुझं नाही, माझं आहे. त्या दिवशी तू टाकीबद्दल काहीतरी सांगायला आली होतीस, आणि मी सगळ्या कामगारांसमोर तुला मध्येच तोडून म्हणालो होतो, "तुझ्या हातून काही जगत नाही." तू किल्ल्या टेबलावर ठेवल्यास आणि गेलीस. काल त्याच सगळ्यांना बोलावून मी सांगितलं की टाकी माझी होती, चूक माझी होती, आणि ती आधी तुला कळली होती. आता तुला सांगतोय. तू परत यावंस म्हणून नाही, तुझं तिथे चांगलं चाललंय. पण ते काम अजून कुणाला दिलं नसेल तर उद्याच जाऊन हो म्हण. आणि जमेल तेव्हा मला माफ कर.

तुझाच,
बाबा