मान खाली घालणारं माणूस

१७ नोव्हेंबर १९८६, सोमवार

आलो एकदाचा कोल्हापूरला! नेसरीहून निघालेली एसटी कागलपर्यंत खच्चून भरलेली, मी उभाच. पण आज कुरकुर करायची नाही असं ठरवूनच निघालो होतो. प्रेक्षक गाऱ्हाणी समितीचा चिटणीस अमीन मुल्ला! टीव्हीवर काही वंगाळ दिसलं म्हणून लोक तक्रार करतात, ती योग्य की अयोग्य हे ही समिती ठरवते. अब्बांना सांगितलं तर म्हणाले, टीव्ही बघायचाबी पगार देत्यात व्हय?

कचेरी शाहूपुरीत, गुळाच्या वखारीच्या माडीवर. पायरीपायरीला गुळाचा वास, चहात साखर घालायची गरजच नाही. अध्यक्ष हंबीरराव, निवृत्त फौजदार. मिशा अजून नोकरीत आहेत. दुसऱ्या सभासद आक्का, मुलींच्या शाळेच्या जुन्या हेडबाई. हंबीररावांनी मला पावणं म्हणून बसवून घेतलं आणि समितीची रीत समजावली. मी तर खूशच झालो. ज्या कार्यक्रमावर तक्रार आली तो आम्ही बघतच नाही! गल्लीतलं एखादं घर बोलवायचं, बाकावर बसवायचं, समोर कार्यक्रम लावायचा. आम्ही तिघं टीव्हीकडं पाठ करून त्या घरच्यांची तोंडं बघायची. कुणाचीही मान खाली गेली की कार्यक्रम आक्षेपार्ह, बंद. नाही गेली तर तक्रार फेटाळली. हंबीररावांचं म्हणणं, चित्रात काय नसतंय, समदं बघणाऱ्याच्या तोंडावर असतंय. काय डोकं आहे माणसाला!

खोली मंगळवार पेठेत मिळाली. मालक जोतीराम, कुस्ती सोडून आता म्हशी पाळतात. घरी रंगीत टीव्ही आहे आणि सगळी गल्ली त्यांच्या सोप्यात, पुढच्या ओसरीवर. आल्या आल्या दुधाचा तांब्या हातात दिला आणि संपवल्याशिवाय सोडलं नाही. जमलं की ताजबीला घेऊन येतो. लग्नाला दीड वर्ष झालं आणि आम्ही एकत्र राहिलो असू जेमतेम दोन महिने.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज पहिली बैठक. एका विनोदी नाटुकल्यात म्हाताऱ्या सासूला केस धरून घराबाहेर ओढतात, त्यावर तक्रार होती. बाकावर बसायला यल्लव्वा आली, चंदगडकडची म्हातारी, कपिलतीर्थ मंडईत भाजी विकते. बरोबर मुलगा धोंडीराम आणि सून. धोंडीराम खदाखदा हसत होता, सून पदर तोंडात कोंबून हसत होती. यल्लव्वाची मान मात्र हळूहळू खाली गेली, अगदी हनुवटी छातीला टेकेपर्यंत. हंबीररावांनी आखाड्यात ठोकावा तसा शड्डू ठोकला. गेली, गेली!

कार्यक्रम बंद करायची शिफारस वर गेली. आक्कांनी म्हातारीला स्वतःच्या हातानं चहा दिला. हंबीरराव मला म्हणाले, लाज असल्यालं माणूसच बघाय बरं वाटतंय, आन् ते आता घावत न्हाय. मलाही म्हातारीचं कौतुक वाटलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

धोंडीराम आला होता. बैठकीच्या त्या संध्याकाळपासून आई घरी नाही. चंदगड, गगनबावडा, पाहुणेरावळे, सगळं पालथं घातलं. आणि काल दुपारी ती दिसली, म्हणाला. चहाच्या दुकानातल्या टीव्हीवर.

दुपारी तर टीव्हीवर काहीच नसतं. मी तसं म्हणालो, तर माझ्या अंगावरच आला. उघड्या फरशीवर आई बसली हाय, कुणाचातरी हात येतोय, हनुवटी धरून तोंड वर करतोय. ती मान खाली घालती, हात परत वर करतोय. दुकानातली माणसं पोट धरून हसत्यात. एवढं सांगून तो गडी लहान पोरासारखा रडला.

मी म्हटलं पोलीस. हंबीररावांनी मलाच झापलं. म्हातारी दिसली कुठं? टीव्हीवर. मग तक्रार कुणाच्या अखत्यारीत? आपल्या. रीतीप्रमाणं बैठक घ्यायची.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी बैठक. बाकावर नवं घर, नवराबायको आणि तीन पोरं. सेट लागला. आधी धाकटं हसलं, मग सगळे. मान कुणाचीच खाली गेली नाही. एक पोरगं तर परत दाखवा म्हणून हटून बसलं.

आक्कांनी तक्रारअर्ज वाचूनच निकाल सांगितला. बाईच्या अंगावर पूर्ण लुगडं आहे. शिवी नाही, रक्त नाही. वेळ दुपारची, ज्याला नको त्यानं बंद करावा. शिवाय सबंध कुटुंब आनंदानं बघत होतं. तक्रार फेटाळली.

मी रीत मोडली. मागं वळून बघितलं.

यल्लव्वाच होती. हनुवटीची सालटी गेलेली, तिथं पांढरं दिसत होतं. हात फक्त मनगटापर्यंत, अगदी स्वच्छ, नखं कापलेली. तिनं माझ्याकडं बघितलं. सरळ माझ्याकडं. म्हणाली, कुणीतरी मान खाली घाला की वो.

बैठक संपल्यावर हंबीररावांना गाठलं. ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. लपवलं काहीच नाही. बाकावरच्या एकाची जरी मान खाली गेली तरी म्हातारी त्याच घडीला सुटेल. रीत हाय ती. मग मान घालणारा तिथं जायाचा. जागा रिकामी ठिवून कसं चालंल, पावणं? असं म्हणून मूठभर शेंगा माझ्यापुढं सरकवल्या.

१ डिसेंबर, सोमवार

येऊ नकोस म्हणून तार केली होती, तरी ताजबी आली. घनसाळ तांदळाचं पोतं, लसणाची चटणी आणि तोंडभर हसू. तार मिळालीच नाही म्हणे. खोली झाडली, जोतीरामांच्या बायकोशी पाच मिनिटांत गट्टी केली.

ही बाई कोंबडी कापताना बघत नाही. नळावर भांडण लागलं तरी परक्याची लाज हिलाच वाटते, मान खाली घालून घरात येते. तिच्यावर माझा जीव जडला तो ह्याच गुणावर.

नोकरी सोडून परत जाऊ म्हणालो. हसली. म्हणाली, आत्ता तर आले, डोस्कं फिरलंय का तुमचं?

३ डिसेंबर, बुधवार

हंबीररावांचं फर्मान. यल्लव्वाच्या कार्यक्रमावर धोंडीरामची परत तक्रार आहे आणि उद्या बाकावर चिटणिसाचं घर. आपल्याच घरचं माणूस बसवलं की समितीवर कुणी बोट दाखवत नाही, असं आक्काही म्हणाल्या. पहाटेच एसटी गाठावी म्हणून ताजबीला सगळं सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि मीठमिरची घेऊन माझी दृष्ट काढली. जोतीराम दाराशीच उभे. हंबीररावांचा निरोप आलाय, तुमास्नी गाव सोडून जाऊ द्यायचं न्हाय म्हणत्यात.

ताजबीला शिकवलं. काहीही दिसू दे, डोळे समोर. हस. मी शेणात पाय घसरून पडलो होतो ते आठव. तिनं हसून दाखवलं. चांगली हसते.

४ डिसेंबर

बसली. मी पाठ करून, तिच्या समोर. हसली, शिकवल्यासारखी. डोळे समोर. बराच वेळ. मी मनात म्हणत होतो, अल्ला, हिला निगरगट्ट कर, एवढ्यापुरती कर.

मग तिचे ओठ थरथरले. माझ्याकडं बघितलं, चूक झाल्यावर बघते तसं. आणि मान —

शड्डूचा आवाज अजून कानात आहे.

५ डिसेंबर

रात्रभर तिचा हात धरून होतो. सकाळी नळावर गेली. कळशी तिथंच भरून वाहत होती.

मंडईत धावलो. यल्लव्वा जागेवर बसलेली, मेथीच्या जुड्या लावत होती. मला ओळखलं. मान वर करून हसली, मोठ्यानं. लई उपकार झालं बाबा म्हणाली आणि कोथिंबिरीची जुडी माझ्या हातात कोंबली. पैसे नको म्हणाली.

८ डिसेंबर

जोतीराम हाका मारत आले, आनंदानं. अमीनभाई, तुमची मंडळी टीव्हीवर आल्याती की!

सगळी गल्ली सोप्यात. पोरं पुढं. तो स्वच्छ हात. तिची हनुवटी अजून धड आहे. अजून.

मी किंचाळलो, बंद करा. लोकांनी मला खाली बसवलं, मागच्यांना दिसत नव्हतं.

९ डिसेंबर

पोलीस येऊन बघून गेले. चहा घेतला. एकाला हसू आवरेना.

आज मी तक्रार दिली आहे. बाकावर मीच बसणार. अवघड काय त्यात? मान खाली घालायची. ती सुटेल, मी जाईन. जाईन. बायको आहे माझी.

११ डिसेंबर

बसलो.

ती दिसली. मला बघून तिचा चेहरा उजळला. तिला कळलं मी कशाला बसलोय. वाट बघत होती.

घालणारच होतो. अल्लाची शपथ, घालणारच — पण तो हात आला, बोटं तिच्या हनुवटीत रुतली, सालटं निघालं, आणि मला माझी हनुवटी — मान ताठ झाली. लाकूड झाली. भीतीनं तोंड वाकडं झालं असेल. हंबीरराव म्हणाले, हसतोय की गडी.

ताजबीनंही तेच बघितलं.

आक्का — प्रत्यक्ष नवऱ्यानं हसतमुखानं पाहिले. तक्रार फेटाळली. ह्या कार्यक्रमावर यापुढे कुणाचीही तक्रार घ्यायची नाही.

हंबीररावांनी पाठ थोपटली. आता पावणं म्हणत नाहीत. आपला माणूस म्हणतात.

१५ डिसेंबर

दुपार. सोप्यात बसूनच लिहितोय. मला पुढची खुर्ची. मान ठेवतात माझा.

तीन दिवस झाले, मान खाली घालून बघतोय. खुर्चीत, नळावर, नमाजात. काही होत नाही. बाकाबाहेरची मान मोजत नाहीत.

तिनं आता मान घालणं सोडलंय. हात येतो तरी — नुसती बघते. माझ्याकडं. ओठ हलतायत. काहीतरी सांगतेय.

पोरं म्हणतात ऐकू येत नाही. जोतीराम म्हणतात, अमीनभाई, तुमी जवळ हायसा, जरा आवाज वाढवा की.

मला हाक मारतेय — अहो म्हणतेय — गल्ली हसली —

मी उठलोय. आवाजाचं बटण हातात आहे. अजून म्हणतात, अजून थोडा —