फुटली म्हणून सांगितलेली फुलदाणी

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी. आईच्या शिवणाच्या खोलीतली फ्रेंच फुलदाणी वस्तुसंग्रहालयाने स्वीकारली. तीच ती, गडद निळं पोर्सेलीन, सोनेरी कान, पोटावर मेंढपाळीण. आई तिच्यात मापाचे गज आणि कात्र्या खोचायची! ऐकून संग्रहालयातले साहेब अक्षरशः कळवळले. आता ती काचेच्या कपाटात आहे. खाली पाटीवर माझं नाव, पुढे 'रसिक संग्राहक'. पुढच्या शनिवारी छोटा समारंभ आहे, अवश्य ये.

आईला मात्र कळवू नकोस. तिची समजूत आहे की ती फुटली.

कृपा आहेच, ती राहावी.
तुझा धाकटा भाऊ

७ मार्च

चि. रसिक संग्राहकास,
अनेक आशीर्वाद. पैकी निम्मे राखून ठेवले आहेत.

फुटली एवढंच लिहिलंस, कुणाच्या हातून ते गाळलंस. आई मला प्रत्येक पत्रात लिहिते की तिच्या हातून फुटली. आता हातांचा भरवसा नाही म्हणून तिने मशीनवर चादर टाकली आहे. शेजारणीच्या नातीचा फ्रॉक अर्धवट परत केला. ज्या हातांनी गल्लीभर शिवून तुला शिकवलं, ते आता मांडीवर पडून असतात.

तुझी रसिकता मला ठाऊक आहे. त्या मेंढपाळणीला पेन्सिलीने मिशा काढणारा तूच. आईला खरं सांग. नाहीतर मी येते.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची घाई नाही.
ताई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा स्वभाव जाणतो, म्हणून रागावत नाही. मागितली असती तर आईने दिली नसती. फुटली म्हटलं की विषय मिटतो. तिला हल्ली धूसर दिसतं. मशीनवर डुलकी घेत होती, तेव्हा मी शेजारी जुनी चिनी मातीची किटली आपटली आणि 'आई, तुझं कोपर लागलं' म्हणालो. ऐकायला बरं वाटत नाही, मान्य. पण वस्तूचाही विचार कर. आपल्यासारख्यांच्या घरात ती शोभत नव्हती. आणि या वयात आईला विश्रांती मिळाली तर बरंच.

शनिवारी आलीस तर बोलणं जरा जपून. मोठी माणसं असतील.

राग नसावा.
धाकटा

१६ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

ताईच्या घरून लिहिते आहे. शनिवारी आम्ही दोघी मागच्या रांगेत होतो. आपल्या घराण्याच्या कलासक्तीवर तू छान बोललास. कुठलं घराणं ते कळलं नाही, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तू पाहुण्यांबरोबर चहाला गेल्यावर मी काचेला नाक लावून पाहिलं. रखवालदार म्हणाला, आजी, हात लावू नका. म्हटलं, नाही लावत बाबा, माझ्या हातून वस्तू फुटतात. ताई रडली. मला तेवढी फुरसत नव्हती.

फुलदाणी तिथेच राहू दे, पाटीही तुझीच असू दे. रेशमी बूट घालून मेंढ्या राखणाऱ्या त्या बाईचं मला कधीच कौतुक नव्हतं. गज उभे राहायचे, म्हणून ठेवली होती. मागितली असतीस तर कागदात गुंडाळून दिली असती.

पण त्या दिवशी, तुझी आवडती वस्तू फोडली म्हणून, मी तुझी माफी मागितली. तू पाठीवर हात ठेवून म्हणालास, जाऊ दे आई, होतं असं. आणि ठेवून घेतलीस. ती माफी मला परत पाहिजे. आणता आली तर ये.

आशीर्वाद वर लिहिला आहे, पुन्हा लिहीत नाही.
आई